लेकीच्या घरचा भात

दादा गेल्याचा फोन सकाळी आला. मी चहा ठेवला होता. गावाकडचा नंबर पाहून आधी मला रागच आला, कारण वेळीअवेळी फोन करून 'काही नाही, असाच केलो' म्हणायची दादाची जुनी सवय. उचलला तर शेजारच्या घरची सून. "आत्याबाई, मामाजी उठून नाही राहिले वो…" एवढं म्हणून ती थांबली. मी तिला खडसावलं, "नीट हालवून पाहा." तिला रडू फुटलं, आणि मग मला कळलं. तिच्याकडे वैशूचा नंबर नव्हता, म्हणून बातमी माझ्याकडे आली आणि लेकीला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. ऑटो करून तिच्या घरी गेले. ती कामावर निघाली होती, दारात बसून चपला घालत होती. मी काही बोलायच्या आतच तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग दुसरीही काढली.

आज या गोष्टीला काही आठवडे झाले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, केशव. अर्जुनी मोरगावच्या पुढे, तलावाच्या काठच्या एका गावात आमचं घर. आमच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला असं आमच्याकडे मोठ्या तोऱ्यात सांगतात. दादानं त्याच तलावावर पाटकरी म्हणून नोकरी केली. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी, कोणाला नंतर, गेट कधी उघडायचं, कधी बंद करायचं, हे त्याचं काम. उन्हाळ्यात लोक दारात येऊन भांडायचे, शिव्या द्यायचे, पण जनावरांपुरतं पाणी तळाशी राहिलंच पाहिजे म्हणून हा माणूस गेटला हात लावू द्यायचा नाही. एकदा तर खुद्द आमच्या सख्ख्या चुलत्याला त्यानं परत पाठवलं होतं. त्या तलावाचं जितकं राखलं त्याच्या चौथाई जरी त्यानं स्वतःचं राखलं असतं, तर आज हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. असो. मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात, पण मी रागावलेली आहे आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

वैशू त्याची एकुलती एक लेक. वहिनी गेल्यापासून दादा गावात एकटाच राहायचा, स्वतःच्या हातानं करून खायचा. वैशू गोंदियात, मीही गोंदियात. जावई नितीन स्वभावानं वाईट नाही, फक्त त्याला कोणीही मोठं स्वप्न विकू शकतं. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरची एजन्सी घेतली. उद्घाटनाला मांडव, डीजे, सगळं झालं. काही महिने गाड्या विकल्याही गेल्या. मग बिघडलेल्या गाड्या परत यायला लागल्या, कंपनी सुटे भाग पाठवेना आणि शेवटी फोनही उचलेना. गिऱ्हाइकं दुकानात येऊन बसू लागली, त्यांच्या मागून फायनान्सवाले. वैशूच्या अंगावरचं सोनं गेलं. ती एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासणीच्या काउंटरवर लागली. हे सगळं मला उशिरा कळलं. दादाला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि रिटायर होताना हाती आलेली सगळी रक्कम तो मला एक शब्द न सांगता तिकडे देऊन बसला होता.

पैसे संपल्यावर तांदूळ सुरू झाले. बल्लारशाहकडून येणाऱ्या पॅसेंजरनं दादा यायचा, खांद्यावर तांदळाचं पोतं, हातात पिशवी. पिशवीत लाखोळीची डाळ, जवस, कधी परसातली अंबाडी. हे सगळं घेऊन तो वैशूकडे जायचा, खाली ठेवायचा, नातीच्या डोक्यावर हात फिरवायचा आणि निघायचा. पाणीसुद्धा प्यायचा नाही. पाण्याची बाटली घरून भरून आणलेली असायची. आमच्या घरात लेकीकडे जेवायचं नाही ही जुनी रीत. कन्यादान केलं की तिच्या घरचं अन्न बापाला चालत नाही. आमचे बाबाही माझ्या घरी कधी जेवले नाहीत. आले की ओसरीवर बसायचे, विचारपूस करायचे, उठायचे. मी नवी नवरी असताना एकदा त्यांच्यासाठी वडे तळून ठेवले होते. ते ताटातच राहिले, मी ते रडत रडत खाल्ले. तरी त्या काळात आम्हाला ते चुकीचं वाटत नव्हतं, फक्त वाईट वाटायचं.

पण दादाला साखर होती. इन्सुलिन चालू होतं. सकाळी सुई टोचून, चार घास खाऊन निघालेला माणूस भर दुपारी लेकीच्या घरून तसाच बाहेर पडायचा. मग कुठे जायचा? माझ्याकडे. बहिणीच्या घरी जेवायला कुठली आडकाठी नाही, उलट भाऊबीजेला तर ते मानाचंच. फाटक वाजलं की मला कळायचं. दादा आत यायचा तेव्हा कपाळाला घाम सुटलेला, हात थरथरत असायचे. "शोभे, वाढ लवकर," एवढंच बोलायचा. मी आधी त्याच्या तोंडात साखर कोंबायची, मग ताट. पोटात कावळे ओरडतायत आणि हा तोंडानं रीत सांगतोय. मी म्हणायची, "दादा, बाबा बैलबंडीनं यायचे, तू रेल्वेनं येतोस. बंडी सोडली, मग हे काऊन नाही सोडत?" तो भात कालवत म्हणायचा, "लेकीच्या घरचा घास गळ्याखाली उतरत नाही वं. बाबानं नाही खाल्ला, मी कसा खाऊ?" मी म्हटलं, बाबांना साखर नव्हती. त्यावर तो हसायचा.

हे वैशूला कधीतरी कळणारच होतं. बाप आपल्या दारात पोतं टाकून उपाशी जातो आणि गोंदियातच आत्याकडे पोटभर जेवतो… कुठल्या लेकीला सहन होईल? एका दुपारी ती दादाच्या पाठोपाठ माझ्या घरी आली. तांदळाचं पोतं तिनं ऑटोत घालून परत आणलं होतं. ते माझ्या ओसरीवर आदळलं आणि दादा जेवत होता त्याच्या समोर उभी राहिली. "बाबा, तुमचे तांदूळ मी ठेवून घेतो, अन् तुमी माह्या घरून उपाशी जाता. शेजारचे पाहून राहिले. कोन आहो मी तुमची? भिकारीन?" दादानं हातातला घास ताटात ठेवला. "तसं नाही वं बाई…" "मग कसं? माह्या घरी जेवाल त तांदूळ घीन. नाही जेवाल त हे पोतं उचला अन् पुन्हा येऊ नोका." एवढं बोलून ती गेली. दादानं ताट तसंच सारलं. मी पहिल्यांदाच त्याला माझ्या घरून अर्धपोटी उठताना पाहिलं.

मग तो आलाच नाही. एक महिना गेला, दुसराही गेला. इकडे वैशूच्या घरी हप्त्यांचे फोन, नितीन दिवसभर पांघरूण घेऊन पडलेला, ती मात्र हट्टाला पेटलेली. तिकडे दादा गावात बसून मला फोनवर विचारायचा, "भाजीबिजी आनते का वं ते? का नुसता भातच खाते?" मी म्हणायची, जाऊन बघ. शेवटी एक दिवस तो गेला, आणि जेवला. मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली. नंतर कळलं की जुन्या लोकांची एक पळवाट त्यानं शोधून काढली होती. पूर्वीची माणसं लेकीच्या गावी अडकलीच, तर पाणी पिऊन तांब्याखाली एखादं नाणं ठेवायची. मोल दिलं की ते फुकटचं अन्न राहत नाही. दादा जेवला, हात धुतले आणि ताटाखाली पैसे ठेवून आला. वैशूनं ताट उचललं तेव्हा खाली नाणं नव्हतं, नोटा होत्या.

आता मला सांगा, या माणसाला काय म्हणावं? लेकीनं त्याला जेवायला बसवलं ते त्याचा जीव वाचावा म्हणून. आणि यानं जेवणालाच मदतीचं दार करून टाकलं. वैशू नोटा परत द्यायला गेली की म्हणायचा, "जेवनाचे आहेत. घेत नसशील त मी जेवत नाही." तिचीच अट त्यानं तिच्यावर उलटवली. ती कात्रीत सापडली. पैसे नाकारले तर बाप उपाशी, घेतले तर स्वतःच्या मनाला लाज. आणि गरज तर होतीच. गरज असली की माणूस फार वेळ भांडत नाही. ती घेत राहिली. मीही गप्प बसले, कारण दादाच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं होतं. घरी येऊन तो मला भाजीची चव सांगायचा, 'मीठ जास्त टाकते, आईवर गेली' म्हणायचा. पेन्शन केवढीशी आणि हा नोटा आणतो कुठून, हे कोणीच विचारलं नाही.

उत्तर त्याच्या पायानं दिलं. अंगठ्याला छोटीशी जखम झाली होती, ती काही भरेना. पायाला काळं पडायला लागलं तेव्हा त्यानं मला दाखवलं, तेही मी मोजा काढायला लावला म्हणून. मी आणि वैशू त्याला गोंदियातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पाय पाहिला, मग दादाकडे पाहिलं. "काका, इंसुलिन कितनी बार लेते हो?" दादा मोजा पुन्हा पायावर ओढू लागला. मग म्हणाला, "एक दिन आड…" "काऊन?" ही मी ओरडले. डॉक्टर म्हणाले, "काका, इंसुलिन रोज का है, सोमवार का उपवास नहीं है." बाहेर बसलेले लोक हसले. वैशू हसली नाही. लॅबमध्ये रोज लोकांच्या साखरेचे आकडे देणारी ती मुलगी, तिला एका क्षणात सगळा हिशेब कळला. औषधाच्या वाटचा पैसा ताटाखाली येत होता. अंगठा काढावा लागला. पाय वाचला, हे नशीब.

दवाखान्यातून सोडल्यावर दादा माझ्याकडे राहिला. त्या दिवसांत एका दुपारी त्या दोघांचं जे झालं, ते मी विसरू शकत नाही. वैशू कामावरून आली, त्याच्या पायाशी खाली बसली. आवाज चढवला नाही. "बाबा, तुमी स्वतःले मारून माह्या घरचे हप्ते भरून राहिले. हे मले कोन माफ करीन?" दादा म्हणाला, "तुह्यासाठीच त आहो मी. नाही त कायले आहो?" मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "माह्यासाठी आहा त जिते राहा." मग तिनं सांगितलं की दुकान बंद केलं, उरलेलं सामान विकून टाकलं. नितीन एका राइस मिलच्या गोदामावर पगारावर लागलाय. फायनान्सवाल्यांशी बोलणं झालंय, हळूहळू फिटेल, दहा वर्षं लागली तरी लागू दे. "तुमी यायचं. सुई माह्यासमोर टोचायची. मग जेवायचं. अन् रीतच पाळायची असंन त ताटाखाली एक रुपया ठेवा. एकच. दुसरा दिसला त मी ताट वाढनार नाही." दादानं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

त्या दिवसापासून सगळं ठीक झालं असं लिहायला मला आवडलं असतं. वैशूचं घर खरोखर सावरायला लागलं. नितीन उठला, कामाला जाऊ लागला. मला तर वाटतं, सासऱ्याच्या नोटा बंद झाल्या म्हणूनच तो उठला. पण दादा… दादा मात्र आतून बसला. इन्सुलिन नियमित, जेवण वेळेवर, डॉक्टर खूश, आणि माणूस उदास. यायचा, एक रुपया ठेवायचा, माझ्याकडे येऊन गप्प बसायचा. एकदा म्हणाला, "एका रुपयाचा बाप झालो, शोभे." मी त्याला झापलं. म्हटलं, हात आखडता घेतला म्हणजे माया आटत नाही, तुझी लेक चाळिशीला आली, तिला तिचं ओझं उचलू दे. तोंडानं बोलले खरी. पण लहानपणी पडल्यावर उचलून घेतलेलं लेकरू मोठं होऊन पडलं तर नुसतं बघत कसं बसायचं, हे मलाही कुठे येतं? माझा मुलगा पुण्याला आहे. त्याचा फोन वेळेवर आला नाही की मी दर पाच मिनिटांनी फोन उचलून पाहते. दादाला शहाणपण शिकवणं सोपं होतं, कारण लेक त्याची होती.

शेवटचा आला तो धान निघाल्यावर. वैशूनं बजावलं होतं म्हणून पोतं नव्हतं. छोट्या पिशवीत नवे तांदूळ, नातीला भात आवडतो म्हणून. आधी तिच्याकडे गेला, मग नेहमीसारखा दुपार कलल्यावर माझ्याकडे आला. चाल मंदावलेली, पण चेहरा मला निराळा वाटला. त्याच्या त्या एका रुपयाच्या जेवणात तो संकोचानं चारच घास खातो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कायम थोडं काही ठेवायची. त्या दिवशी झिंग्यांची चटणी केली होती, त्याच्या आवडीची. तर म्हणाला, "नोको. पोट भरलं आहे." मी चकितच झाले. गमतीनं विचारलं, "काऊन गा, आज लेकीनं दोन रुपयांचं वाढलं का?" तो खुर्चीत टेकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आज रुपया नाही ठेवलो." मी म्हटलं, विसरलास? "नाही. भात मागून घेतलो मी. ते वाढून आत गेली, मी म्हटलो, वैशू, भात आन. आपल्याच तोंडातून निघालं. मागून खाल्लेल्याचे कोनी पैसे देते का वं?" एवढं बोलून तो खुर्चीतच झोपला. संध्याकाळच्या गाडीनं गावी गेला. ती आमची शेवटची भेट. दोन दिवसांनी सकाळी शेजारच्या सुनेचा फोन आला. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. वैशू मात्र गप्पच होती. लोकांना वाटलं, एकुलती एक, धक्का बसलाय. मागच्या आठवड्यात एका दुपारी ती माझ्याकडे आली, भाजी निवडायला माझ्याजवळ बसली आणि देठं मोडता मोडता म्हणाली, "आत्या, त्या दिवशी बाबानं ताटाखाली काही नाही ठेवलं. मी चटई उचलून पाहिली. विसरले असतील का वो? का माह्या एका रुपयाच्या अटीवर रागावून गेले?" मला कळेना, एवढे दिवस हे मनात घेऊन ही पोर कशी वावरली असेल. आणि मी मूर्ख, तिला ठाऊकच असेल असं धरून चालले होते. मी तिला सगळं सांगितलं. तो खुर्चीत टेकला ते, डोळे मिटले ते, 'वैशू, भात आन' म्हणाला ते, आणि मागून खाल्लेल्याचे पैसे कोणी देत नाही, हेही. ती ऐकत होती. हातातली अंबाडीची काडी तशीच राहिली होती.

मला वाटलं, आता तिला बरं वाटेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती हसलीही. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "दोनदा मागला आत्या त्यानं भात," ती म्हणाली. "पहिल्यांदा भरून वाढली. दुसऱ्यांदा मी थोडासाच वाढली. साखर आहे म्हणून. त्यानं ताटाकडे पाहिलं, काही नाही बोलला… अजून वाढायला पायजे होता का वो?"

आयुष्यभर तो तिला जास्त देत राहिला, आणि त्यापायी अंगठा गमावून बसला. आणि ती, ज्या दिवशी तो पहिल्यांदा तिच्या घरी आपला म्हणून जेवायला बसला, त्याच दिवशी त्याच्या जिवासाठी हात आखडून वाढली. मी तिच्या हातातली काडी काढून घेतली. म्हटलं, "नाही बाई. जेवढा वाढलीस तेवढाच बरोबर होता."

तिनं मान हलवली. मग उठली, घरी जायची वेळ झाली होती, तिची लेक शाळेतून येणार होती. दोन घास खाऊन जा म्हणत मी ताटात तिच्यासाठी भात वाढायला घेतला, तर म्हणाली, थोडाच द्या. मी थोडाच दिला.